भीमथडीच्या तट्टापासून रणगाड्यापर्यंत

पुण्याहून पूर्वेची वाट धरून पाटस मागें टाकलें म्हणजे डोंगर दूर राहतात व माळरान रुंदावत जातें. उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा अशा दोन नद्यांच्या मुलुखांत बारामती व इंदापूर हे दोन तालुके पसरले असून, इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकास, नीरा नरसिंहपूर येथें, त्या दोन नद्यांचा संगम होतो. आज या भागांत कालव्याचें पाणी खेळतें, ऊंस डोलतो आणि साखर कारखान्यांचीं धुराडीं दुरून दिसतात. परंतु १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर निरेचा डावा कालवा आला, त्याच्या आधीं या मुलुखाची ख्याति उंसासाठीं नव्हती. ती घोड्यांसाठीं होती. थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमेच्या कांठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजी अमदानींत येथील तालुक्याचें नांवच भीमथडी असें होतें व बारामती हें त्याचें मुख्य ठाणें होतें.

भीमथडीचें तट्टू दिसण्यांत कांहीं ऐटबाज नव्हे. अरबी घोड्याची मान व अरबी घोड्याची चाल त्याला नाहीं. उंचीनें बेताचें, हाडापेरानें काटक व खुरानें टणक असें हें जनावर मूठभर दाण्यावर आणि माळावरच्या खुरट्या गवतावर निभावून नेई, आणि दिवसामागून दिवस लांब मजला मारी. मराठ्यांच्या फौजा उत्तर हिंदुस्थानांत शिरल्या त्या अशाच तट्टांच्या पाठीवरून. म्हणूनच भीमथडीच्या तट्टांना यमुनेचें पाणी पाजणें हा वाक्प्रचार मराठी भाषेंत रूढ झाला.

या तट्टाचा आणि आजच्या पोलादी रणगाड्याचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. संबंध आहे, आणि तो केवळ अलंकारापुरता नाहीं. घोड्यावर बसून ज्या पलटणींनीं लढाया केल्या, त्याच पलटणी पुढें घोडा सोडून रणगाड्यांत बसल्या, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्वारानें अंगावर लोखंड किती घ्यावें आणि पायांत वेग किती ठेवावा, हा जो प्रश्न सतराव्या शतकांत माळावरच्या शिलेदारापुढें होता, तोच प्रश्न आज रणगाड्याचा आराखडा काढणाऱ्या शास्त्रज्ञापुढें आहे. साधनें बदललीं, प्रश्न बदललेला नाहीं.

भोसल्यांच्या जहागिरींत पुणें, सुपें व इंदापूर हे परगणे होते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले अशी परंपरा आहे. याच परगण्यांच्या आधारावर शहाजीराजांचा व पुढें शिवछत्रपतींचा उद्योग उभा राहिला. शत्रूच्या बाजूस त्या काळीं काय होतें? मोगलांच्या बड्या सरदारांचे स्वार अंगांत बख्तर व डोक्यास शिरस्त्राण घालीत आणि घोड्यांवरही पाखर चढवीत. मागें तोफा, हत्ती, तंबू, जनाना आणि बाजारबुणगे यांचें चालतें शहर असे. असें सैन्य समोरासमोर उभें राहिलें तर दुर्धर. परंतु तें हलावयास दिवस लागत, आणि घाटांत वा चिखलांत सांपडलें म्हणजे त्याचें बळ हेंच त्याचें ओझें होई.

मराठी स्वारानें याच्या उलट मार्ग पत्करला. चिलखत त्यास ठाऊक नव्हतें असें नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानास भेटावयास जातांना महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें, हें सर्वश्रुत आहे. पण साध्या बारगिराचें खरें चिलखत म्हणजे त्याच्या घोड्याचा वेग. भाला, ढाल, तलवार, खोगिराखालीं घोंगडें आणि पिशवींत भाकरी, एवढ्यावर तो पंचवीस कोसांचा पल्ला गांठी. मात्र हा हलकेपणा म्हणजे अव्यवस्था नव्हे. सभासदानें शिवकालीन पागेची जी रचना सांगितली आहे, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमलेला आहे, आणि त्याबरोबरच पंचवीस घोड्यांमागें पाणी देणारा एक पखालजी व नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला आहे. घोडा किती चांगला हें जेवढें महत्त्वाचें, तेवढेंच त्याच्या नालेकडे व पाण्याकडे कोण पाहणार हेंही महत्त्वाचें, हें ओळखणारी ती दृष्टि होती.

या पद्धतीचा विजय दोन प्रसंगीं विशेष स्पष्ट दिसतो. १६९५ सालीं संताजी घोरपड्यानें कासीमखानाच्या मोठ्या मोगली फौजेस कर्नाटकांत गांठून दोड्डेरीच्या गढींत कोंडलें, आणि उपासमारीनें तिला शरण यावयास लाविलें. तेथें तोफा होत्या, खजिना होता, सरंजाम होता. नव्हता तो हलण्यास वाव. पुढें १७२८ च्या फेब्रुवारींत पहिल्या बाजीरावानें पालखेड येथें निजामास असेंच गांठलें. निजामाचा तोफखाना त्या काळीं नांवाजलेला होता. बाजीरावानें आपला स्वार खानदेश व गुजराथेपर्यंत नाचविला, निजामास मागें धांवावयास लाविलें, आणि धांवण्याच्या घाईंत जड तोफा मागें पडतांच त्यास निर्जल प्रदेशांत वेढून तह करावयास भाग पाडलें. मोठी रणधुमाळी न होतां जिंकलेली ही मोहीम आजही लष्करी शाळांतून अभ्यासली जाते.

आणि उलट धडाही याच इतिहासांत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतास जी मराठी फौज उभी होती, ती पालखेडची फौज नव्हती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व कवायती पायदळ हें नवें बळ तिच्याजवळ होतें, यांत शंका नाहीं. पण त्याबरोबर कुटुंबें, यात्रेकरू आणि बुणगे यांचा लांबलचक लबेदाही होता. रसद तुटली, घोडीं उपाशीं मेलीं, आणि ज्या स्वाराचें सर्व कौशल्य वेगांत, त्यास एका जागीं खिळून लढावें लागलें. तोफा घेणें ही चूक नव्हती. जुना वेग सोडला आणि नव्या माऱ्यास लागणारी दाणागोट्याची व्यवस्था मात्र जोडली नाहीं, ही चूक होती. पुढें ज्यांनीं ज्यांनीं नवीं हत्यारें घेतलीं, त्यांस हा हिशेब चुकवितां आला नाहीं.

पेशवाईच्या अखेरीस, १८१७ च्या पुणें येथील तहान्वयें, इंग्रजांनीं पेशव्यांच्या खर्चानें एक साहाय्यक घोडदळ उभें केलें. तेंच पुढें पूना हॉर्स या नांवानें प्रसिद्ध झालें. पेशवाई बुडाली, सरदारांच्या पागा मोडल्या, आणि भीमथडीच्या तट्टाची मागणीही आटली. परंतु पुण्याचें नांव धारण करणारी ती पलटण मात्र राहिली. तिच्या नशिबीं घोड्यावरून पोलादावर जाणें लिहिलेलें होतें.

हें संक्रमण कसें झालें, याचें चित्र युरोपांतील एकाच रणांगणावर पाहावयास मिळतें. पहिल्या महायुद्धांत, १४ जुलै १९१६ रोजीं, फ्रान्समध्यें सोम नदीच्या लढाईंत डेक्कन हॉर्स या हिंदी पलटणीच्या स्वारांनीं हाय वुड नांवाच्या रानापाशीं हातांत भाले घेऊन शत्रूवर घोडे घातले. धैर्यांत कोठेंही उणें नव्हतें. पण कांटेरी तारा आणि मिनिटास शेंकडों गोळ्या ओकणाऱ्या बंदुका यांच्यापुढें घोड्याची उघडी छाती किती टिकणार? त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं, १५ सप्टेंबर १९१६ रोजीं, त्याच रणांगणावर इंग्रजांनीं जगांतील पहिले रणगाडे पुढें आणिले. सुमारें २८ टन वजनाचें तें धूड ताशीं सहा किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीनें, सरकत असे. आंत आठ माणसें, इंजिनाची आग, धूर आणि कानठळ्या. पुष्कळ गाड्या वाटेंतच बंद पडल्या. तरीही तारा तुडवून व खंदक ओलांडून जाणारें वाहन निघालें, आणि भाल्याचा काळ संपला.

हिंदी घोडदळाच्या पलटणींनीं घोडे सोडण्यास १९३८ सालीं आरंभ केला, आणि १ मे १९४१ रोजीं हिंदी चिलखती दळाची स्थापना झाली. ज्या जनावरास स्वारानें रोज हातानें चोळलें, दाणा दिला, ज्याच्या आजारांत रात्र रात्र जागरण केलें, त्याच्याऐवजीं तेलाचा डबा व पाना हातीं घेणें जुन्या रिसालदारांस जड गेलें असल्यास नवल नाहीं. पण पागेची शिस्त वायां गेली नाहीं. घोड्यास पाणी दाखविल्याशिवाय स्वारानें स्वतः जेवूं नये, हा जुना नेम. आज रणगाड्याचें इंजिन, सांखळी व तोफ तपासल्याशिवाय त्यांतील माणसें विसांवत नाहींत. नालबंदाची जागा कारागिरानें घेतली, पखालजीची जागा तेलाच्या गाडीनें घेतली.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ सालीं, चिलखती दळाचें केंद्र व शाळा अहमदनगर येथें एकत्र आली. तें नगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, इंदापूर-बारामतीच्या उत्तरेस भीमा ओलांडून गेलें कीं फार दूर नाहीं. देशांतील रणगाडा चालविणारा प्रत्येक जवान आपले पहिले धडे तेथें गिरवितो. येणेंप्रमाणें ज्या दख्खनच्या माळानें एके काळीं हिंदुस्थानास हलकें घोडदळ दिलें, त्याच माळावर पोलादी घोडदळाची शाळा वसली. हा योगायोग असेल. परंतु शोभणारा योगायोग आहे.

रणगाड्याची विद्या थोडक्यांत सांगावयाची तर ती तीन शब्दांत येते: संरक्षण, वेग आणि मारा. जाड पोलाद घातलें तर संरक्षण वाढतें, पण वजन वाढून वेग घटतो. मोठी तोफ बसविली तर मारा वाढतो, पण तिचा बुरूज व दारूगोळा पुन्हां वजन वाढवितो. वजन वाढलें कीं मोठें इंजिन आलें, मोठ्या इंजिनास अधिक तेल आलें, आणि शेवटीं वाटेंतला पूल तें ओझें पेलील कीं नाहीं, हा प्रश्न आला. तीन भावांत एकच वावर वांटावयाचें असावें तसा हा प्रकार आहे. एकास अधिक दिलें तर दुसऱ्याचें कमी होतें. रणगाड्याचा सारा इतिहास म्हणजे या वांटणीचा इतिहास होय.

स्वतंत्र भारताच्या रणगाड्यांनीं पहिला मोठा विजय मिळविला तो हलक्या वाहनांच्या बळावर. १ नोव्हेंबर १९४८ रोजीं जनरल थिमय्या यांच्या योजनेप्रमाणें सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे लहान रणगाडे, कर्नल राजिंदरसिंग स्पॅरो यांच्या नेतृत्वाखालीं, साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजीला खिंडींत चढले. खेंचरांच्या वाटेवरून रणगाडा येईल अशी कल्पनाही शत्रूनें केली नव्हती. सफरमैना पलटणीनें वाट रुंद केली, बर्फ पडत असतां गाड्या वर गेल्या, आणि लडाखचा मार्ग मोकळा झाला. भारी रणगाडा तेथें चढलाच नसता.

१९६५ सालचा प्रसंग बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास तर विशेष समजण्यासारखा आहे. त्या सप्टेंबरांत पाकिस्तानाचें चिलखती दळ पंजाबांत खेमकरणकडून पुढें आलें. त्याच्याजवळ अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते. त्या काळच्या उत्तम वाहनांत त्यांची गणना होई. समोर असल उत्तर या गांवापाशीं भारताचें चौथें पहाडी डिव्हिजन होतें. त्यानें शेतांत कालव्याचें पाणी सोडलें आणि उभ्या उंसांत आपले रणगाडे व तोफा दडवून ठेविल्या. उंसाचें रान पाण्यानें भरलें म्हणजे त्यांत भरल्या गाडीचें काय होतें, हें निरेच्या कालव्याखालीं शेती करणाऱ्यास वेगळें सांगावयास नको. बैल गुडघाभर रुततात, आंस मोडतो, आणि शहाणा गाडीवान तेथें गाडी घालतच नाहीं. पंचेचाळीस टनांच्या वर वजनाचे ते पॅटन तसेच रुतले, आणि कडेच्या उंसांतून त्यांच्या कुशींवर गोळे बसूं लागले. भारतीय गणनेप्रमाणें नव्वदांहून अधिक रणगाडे तेथें नष्ट झाले वा हातीं लागले. याच लढाईंत चौथ्या ग्रेनेडियर्सचा हवालदार अब्दुल हमीद यानें उघड्या जीपगाडीवर बसविलेल्या एका तोफेनें एकामागून एक पॅटन फोडले, आणि १० सप्टेंबर रोजीं तो धारातीर्थीं पडला. त्यास मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्या जीपेस पोलादाचा पत्राही नव्हता. भीमथडीच्या तट्टानें बख्तरबंद घोड्यास जें केलें, तेंच त्या जीपेनें पॅटनास केलें.

मात्र याच युद्धांत दुसरी बाजूही दिसली, आणि ती न सांगणें अन्यायाचें होईल. त्याच दिवसांत सियालकोटच्या आघाडीवर फिलोऱ्यापाशीं पूना हॉर्सचे सेंच्युरियन जातीचे भारी रणगाडे लढत होते. पुण्यास शिकलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर हे त्यांचे सेनापति. जखमी झाले असतांही ते मागें गेले नाहींत. सहा दिवस पलटण पुढें नेत राहिले, आणि १६ सप्टेंबर रोजीं त्यांच्या रणगाड्यास आग लागून ते पडले. पुढें १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत त्याच पलटणीचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या रणगाड्यांत लढला. रणगाडा सोडण्याची सूचना मिळाली असतां, तोफ अद्याप चालते आहे म्हणून त्यानें ती मानली नाहीं. पुण्यास जन्मलेला हा तरुण तेव्हां अवघा एकवीस वर्षांचा होता. या दोघांसही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. खेत्रपालाचा फामागुस्ता नांवाचा तो रणगाडा आज अहिल्यानगरच्या चिलखती दळाच्या केंद्रांत जतन केला आहे. उघड्या मैदानांत जेथें रणगाड्याशीं रणगाडाच भिडतो, तेथें जाड पोलाद व मोठी तोफ यांवांचून चालत नाहीं, हें या लढायांनीं दाखविलें. तसेंच पोलादाच्या आंत तीन-चार जिवंत माणसें बसलेलीं असतात, हेंही दाखविलें. आधुनिक रणगाड्याच्या सुधारणेचा विचार करतांना हीच गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ढाल व भाला यांची शर्यत अधिकच तीव्र झाली. १९७३ च्या ऑक्टोबरांत इजिप्तच्या पायदळानें खांद्यावरून वाहून नेतां येणाऱ्या क्षेपणास्त्रांनीं इस्रायलचे रणगाडे फोडले, तेव्हां रणगाड्याचें युग संपलें असें पुष्कळांनीं लिहिलें. रणगाडा संपला नाहीं. त्यानें अंगरखा बदलला. नुसत्या पोलादाऐवजीं पोलाद व मृत्तिकाजन्य पदार्थ यांचे थर एकावर एक रचण्यांत आले; भारताच्या अर्जुन रणगाड्यावरील कांचन नांवाचें कवच याच जातीचें, हैद्राबादेच्या प्रयोगशाळेंत तयार झालेलें आहे. पुढें कवचावर स्फोटक विटा बसविण्याची युक्ति निघाली; शत्रूचा अग्निबाण आदळतांच वीट बाहेरच्या बाजूस फुटून त्याचा जोर मोडते. १९८२ सालीं इस्रायलनें ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे येणारें अस्त्र यंत्रानें दुरूनच ओळखून, तें अंगावर पडण्यापूर्वींच फोडणें. ढाल अंगावर न बांधतां हवेंत फेकावी, तसा हा प्रकार आहे.

भारताचा स्वतःचा मार्ग या ओघांतच आहे. तमिळनाडूंतील आवडी येथील कारखान्यांतून १९६५ सालीं विजयंता बाहेर पडला, पुढें टी-७२ व टी-९० हे रशियन बनावटीचे रणगाडे तेथेंच तयार होऊं लागले. अर्जुनाची कल्पना १९७४ सालची. तो सैन्याकडे येण्यास तीस वर्षें लागलीं. त्याची तोफ व त्याचें कवच यांची तारीफ झाली. परंतु सुधारलेल्या अर्जुनाचें वजन ६८ टनांपर्यंत गेलें. पंजाबांतील कालव्यांवरचे व काश्मिरांतील नद्यांवरचे सर्वच पूल एवढें ओझें पेलणारे नाहींत. मग २०२० सालीं गलवानच्या खोऱ्यांत चिन्यांशीं झटापट झाली, आणि चाळीस-शेचाळीस टनांचे रणगाडे विमानांत घालून लडाखला न्यावे लागले. विरळ हवेंत इंजिनांस दम लागे, रात्रीच्या गारठ्यानें तेल गोठूं पाहत असे. झोजीलाचा धडा बहात्तर वर्षांनीं पुन्हां पाठ करावा लागला. त्यांतून जोरावर हा सुमारें २५ टनांचा हलका रणगाडा जन्मास आला. संरक्षण संशोधन संस्था व लार्सन अँड टुब्रो यांनीं तयार केलेला त्याचा पहिला नमुना जुलै २०२४ मध्यें हजिरा येथें दाखविण्यांत आला, आणि त्या वर्षाअखेर लडाखच्या उंचीवर त्याची तोफ चाचणीसाठीं डागण्यांत आली.

दरम्यान जगानें नवें संकट पाहिलें. २०२० सालीं नागोर्नो-काराबाखच्या युद्धांत आणि २०२२ पासून युक्रेनच्या युद्धांत चालकरहित लहान विमानांनीं, ज्यांस ड्रोन म्हणतात त्यांनीं, रणगाड्यांची दाणादाण उडविली. रणगाड्याचें पोलाद समोर जाड असतें, माथ्यावर पातळ असतें. आणि ड्रोन माथ्यावरच उतरतें. मोटारसायकलीहून कमी किंमतीचें खेळण्यासारखें यंत्र कोट्यवधि रुपयांचें वाहन जाळूं लागलें. टी-७२ जातीच्या रणगाड्यांत दारूगोळा माणसांच्या पायांखालींच रचलेला असल्यामुळें, एक घाव बसतांच बुरूज उडून जातो व आंतलें कोणी वांचत नाहीं. रशियन व युक्रेनी जवानांनीं अखेर रणगाड्यांवर लोखंडी जाळीचे मांडव घातले. पांखरांपासून शाळूचें कणीस राखावें तसे ते मांडव दिसतात. परंतु आंत पीक नसून कोणाचे तरी मुलगे असतात.

मग पुन्हां तोच प्रश्न उभा राहतो: रणगाड्याचा काळ संपला काय? इतिहास सांगतो कीं, हत्यारें क्वचितच एकाएकीं मरतात. तीं आपला डौल सोडतात आणि सोबती शोधतात. युद्धाचा निकाल अखेर जमिनीवर लागतो, आणि जमिनीवर गोळ्यांच्या वर्षावांतून माणसांस नेऊन सोडणारें वाहन लागतेंच. म्हणून उद्यांचा रणगाडा एकटा चालणार नाहीं. त्याचें स्वतःचें ड्रोन पुढें टेहळणी करील, त्याच्या माथ्यावर आकाश पाहणारें यंत्र राहील, दारूगोळा माणसांपासून वेगळ्या कप्प्यांत ठेविला जाईल, आणि कांहीं कामीं मनुष्यहीन गाडीच पुढें घातली जाईल. टी-७२ च्या जागीं यावयाच्या नव्या रणगाड्यांच्या योजनेस भारताच्या संरक्षण संपादन परिषदेनें सप्टेंबर २०२४ मध्यें तत्त्वतः मान्यता दिली. तो रणगाडा किती टनांचा असावा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण आंतलीं माणसें प्रथम वांचलीं पाहिजेत, यावर वाद असूं नये.

या कामांत महाराष्ट्राचा वांटा लहान नाहीं. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेनें टाटा कंपनीच्या सहकार्यानें आठ चाकांची, पाण्यांतूनही तरून जाणारी चिलखती गाडी सिद्ध केली. तिचा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्यें मोरोक्को देशांत उघडण्यांत आला. पुण्याच्या भारत फोर्जकडे २०२१ सालीं सैन्यानें सुरुंगाचा घाव सोसणाऱ्या चिलखती गाड्यांची मागणी नोंदविली. याच कंपनीचा घडीव पोलादाचा एक कारखाना बारामतीस आहे. इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद यांनीं ओसाड माळावर वसविलेल्या वालचंदनगरांत आज साखरेच्या यंत्रांबरोबरच अंतराळांत जाणाऱ्या अग्निबाणांचीं पोलादी कवचें घडतात. हें काम रणगाड्याचें नव्हे, परंतु जाड पोलाद केंसभरही चूक न करतां वांकविणारा व जोडणारा हात लागतो तो हाच. त्या हातास काम व विद्या मिळत राहिली, तर नालबंदाची परंपरा या मुलुखांत तुटणार नाहीं.

भीमथडीचें तट्टूही अद्याप नाहींसें झालेलें नाहीं. पावसाळा सरला कीं धनगरांचे वाडे मेंढरें घेऊन वाटेस लागतात, तेव्हां त्यांचा संसार, लेंकरें व कोंकरें पाठीवर घेऊन तेंच तट्टू चालत असतें. २०२३-२४ मध्यें या जातीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली. रणगाड्यांच्या युगांत त्याचें युद्धांतलें काम संपलें आहे. पण त्यानें शिकविलेला हिशेब संपलेला नाहीं. जितकें पेलेल तितकेंच ओझें घ्यावें, जेथें जावयाचें ती वाट आधीं पाहावी, आणि पाठीवरच्या माणसास सुखरूप घरीं आणावें. ज्या सैन्यानें हा हिशेब राखला तें जिंकलें, आणि ज्यानें तो मोडला त्याचें पानिपत झालें. पुढील रणगाडा घडविणाऱ्यांनींही तो आपल्या कागदावर प्रथम मांडावा, म्हणजे इतिहासाचें सार्थक होईल.